शरतवालं रबर

पांढरा गोंद स्पंजवर पसरला की तो सुकून पारदर्शक होईपर्यंत थांबायचं असतं. काम एवढंच. पण चौतीस वर्षांत मी जे काही बिघडवलं ते या थांबण्याच्या वेळेतच. समोर पोरगं उभं असतं, त्याची आई बाहेर रिक्षावाल्याला थांबवून आलेली असते, मीही उगाच घड्याळाकडे बघतो आणि रबर प्लायवर, म्हणजे बॅटच्या लाकडी फळीवर, टेकवून मोकळा होतो. मग आत कुठेतरी बुडबुडा राहतो. चार दिवसांनी पोरगं परत येतं, बॅट कानाशी धरून टिचकी मारून दाखवतं. त्या जागी आवाज भद्द येतो.

रायपूरला बुढापाऱ्याजवळ माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. १९९१ साली सुरू केलं, तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो. घर तात्यापाऱ्यात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. इथे पारा म्हणजे आळी किंवा वाडी म्हणा. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि खेड्यांतून पोरं आली की छत्तीसगढी, असं आमचं तोंड तीन ठिकाणी वाटलेलं असतं. दुकान चालतं ते क्रिकेटवर. जालंधर-मेरठहून माल येतो, हिवाळ्यात बॅडमिंटनची शटलं जातात, परीक्षा संपल्या की कॅरम. टेबल टेनिस ही माझी हौस. जिल्ह्यापलीकडे कधी खेळलो नाही, कारण बॅकहँड नव्हताच. पण रबर चिकटवायला हात बरा होता, म्हणून बुढापाऱ्याच्या इनडोअर स्टेडियममध्ये स्पर्धा असली की बाहेर एक टेबल टाकून बसायचो.

टेबल टेनिसपटू शरत कमलशी माझी ओळख नाही. त्याला अरेतुरे करतोय, कारण वयानं तो बराच लहान आहे आणि आपल्याकडे खेळाडूला अहो-जाहो केलं की तो परका वाटतो. गॅलरीतून पाहिलंय, टीव्हीवर पाहिलंय, मोबाइलवर पाहिलंय. पण लोकांचा त्याच्यावर किती जीव आहे हे मला टाळ्यांवरून कधी कळलं नाही. मला ते मागणीवरून कळतं. कोण येतं आणि काउंटरवर हात ठेवून काय मागतं, त्यावरून.

नव्वदच्या दशकात कुणी खेळाडूचं नाव घेऊन बॅट मागत नसे. आमच्या पिढीचा नायक मुंबईचा कमलेश मेहता. आठ वेळा राष्ट्रीय विजेता, दोन ऑलिंपिक खेळलेला. आम्ही त्याच्याविषयी बोलायचो भरपूर, पण त्याचं रबर कोणतं, प्लाय कोणती, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे. गिऱ्हाइकाचा एकच प्रश्न असायचा, "टिकेगा ना?" पुढे टीव्हीवर परदेशी सामने दिसायला लागले तशी चिनी आणि स्वीडिश नावं दुकानात आली. भारतीय नाव मात्र कुणी घेईना.

ते पहिल्यांदा घेतलं मार्च २००६ मध्ये. मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शरतनं अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या विल्यम हेन्झेलला त्याच्याच घरात सातव्या गेमपर्यंत खेचून हरवलं. एकेरीचं सुवर्ण त्याचं आणि सांघिक सुवर्णही भारताचं. त्याच आठवड्यात तेरा वर्षांचा एक डावखुरा मुलगा वडिलांना घेऊन दुकानात आला. वडील सरकारी कचेरीत कारकून. मुलगा म्हणाला, "कका, शरतवाला रबर दे." छत्तीसगढीत काकाला कका म्हणतात.

शरत नक्की काय वापरतो हे मला ठाऊक नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. कपाटात कार्बनची एक महागडी प्लाय वर्षभर पडून होती. त्यावर दुकानातल्या सगळ्यात जाड स्पंजचं रबर लावलं आणि म्हणालो, "हेच." वडिलांनी खिशातून पैसे काढून दोनदा मोजले. दुसऱ्यांदा मोजत होते तेव्हा तरी मी थांबवायला हवं होतं.

हा पोरगा ब्लॉक सुंदर करायचा. समोरच्याचा जोर घेऊन चेंडू अलगद परत ठेवायचा आणि वाट पाहायचा. त्या खेळाला साधी लाकडी ऑलराउंड प्लाय आणि दीड मिलिमीटरचा स्पंज पुरे होता. मी दिलेल्या बॅटवर चेंडू टेकतोय न टेकतोय तोच टेबलाबाहेर. महिनाभरात त्याचे कोच दुकानात आले. ओरडले नाहीत. बॅट काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "याला हे कुणी दिलं?" मी म्हणालो, त्यानं मागितलं. कोच म्हणाले, "तेरा वर्षांचं मूल मोटरसायकलही मागतं."

बॅट मी परत घ्यायला तयार होतो, पण पोरगा द्यायला तयार नव्हता. ती शरतची होती ना. दोन वर्षं तो तिच्याशी झगडला आणि दहावीला खेळ सुटला. सगळा दोष बॅटचा होता असं नाही. दहावीत निम्म्या पोरांचा खेळ सुटतो, ते रायपूरचंच काय, कुठल्याही गावाचं रडगाणं आहे. पण माझा वाटा मला माहीत आहे. तेव्हापासून कोचची चिठ्ठी असल्याशिवाय जाड स्पंज लहान मुलाला विकायचा नाही, असं ठरवलं. त्यात गिऱ्हाइकं गेली. ती दुसऱ्या दुकानातून जाड स्पंज घेऊन यायची आणि फुगा धरला म्हणून चिकटवायला मात्र माझ्याकडे.

स्पीड ग्लूचा जमाना मी सगळा जगलो आहे, त्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. आजची पोरं त्या वासाला मुकली, ते बरंच झालं. मॅचच्या आधी रबर सोलायचं, स्पंजवर द्रावण लावायचं, सुकू द्यायचं, परत लावायचं. द्रावण आत शिरलं की स्पंज फुगून ताणला जायचा, रबराला स्प्रिंग आल्यासारखी व्हायची आणि चेंडू लागला की टण्ण असा आवाज यायचा. तो आवाज म्हणजेच खेळ, असं पोरांना वाटायचं. परदेशी डबा परवडत नसे, त्यामुळे आमच्याकडे सर्रास सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन चालायचं. स्पर्धेच्या दिवशी माझ्या टेबलाभोवती वीस पोरं नाकं लाल करून उभी असायची. संध्याकाळी घरी गेलो की डोकं ठणकायचं. बायको म्हणायची ऊन लागलं. इनडोअर स्टेडियममध्ये कसलं ऊन? पण मीही तेच म्हणायचो.

बीजिंग ऑलिंपिक झालं आणि सप्टेंबर २००८ पासून जगभर ते द्रावण बंद झालं. आरोग्याला घातक, म्हणून. मी चिडलो होतो, खोटं का सांगू. स्पर्धेतली अर्धी कमाई त्या डब्यावर होती. पाण्यात विरघळणारा नवा गोंद फेविकॉलसारखा पांढरा. एकदा रबर लावलं की महिनोन्‌महिने हलत नाही, म्हणजे पोरगं माझ्याकडे येतच नाही. डोकं दुखायचं थांबलंय हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

त्या वर्षी दुकानात सगळ्यांची एकच चर्चा. आवाज गेला, वेग गेला, आता मोठे खेळाडू काय करणार? मला तेव्हा हिशेब मांडावासा वाटला आणि एका जुन्या बिलाच्या पाठीवर मी तो मांडला. ऑक्टोबर २००० मध्ये चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० चा झाला. बरोब्बर एक महिन्यानं छत्तीसगढ राज्य झालं, त्यामुळे ही तारीख मी विसरूच शकत नाही. राज्य नवं, पाटीवरचा पत्ता नवा आणि कपाटात जुन्या मापाच्या चेंडूंची खोकी. पुढल्या वर्षी एकवीस गुणांचा गेम अकराचा झाला. २००२ साली हाताआड चेंडू लपवून सर्व्हिस करायला बंदी आली. मग २००८ चा हा गोंद. आणि हिशेब मांडून झाल्यावरही २०१४ साली सेल्युलॉइडचा चेंडूच गेला, प्लॅस्टिकचा आला. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. चेंडू फुटला की देवघरासारखा वास यायचा, पोचा आला तर गरम पाण्यात टाकला की बहुतेक वेळा परत गोल व्हायचा. तशा चेंडूंचं एक खोकं अजून माझ्याकडे आहे. ते विकायचं नाही.

शरत १९८२ चा. चेन्नईत वडिलांच्या आणि काकांच्या हाताखाली चौथ्या वर्षापासून खेळतोय. म्हणजे तो शिकला त्या चेंडूनं, त्या गुणांनी, त्या गोंदानं आज कुणीच खेळत नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी मी जुना माल निम्म्या किमतीत काढून टाकला आणि महिनाभर कुरकुर केली. तो दर वेळी नव्या मालाशी जुळवून घेऊन पुन्हा जिंकत राहिला. हे गिऱ्हाइकांना कळत नाही. त्यांना शरतचं रबर हवं असतं. कुठल्या सालचं, असं विचारलं तर माझ्याकडे वेड्यासारखे बघतात.

त्याच्या चाहत्यांविषयी गोड गोड लिहायला मला जमणार नाही, कारण त्याच चाहत्यांनी त्याला माझ्या काउंटरवर तीन-चार वेळा निवृत्त केलेलं मी ऐकलं आहे. २०१३ साली एकोणीस वर्षांचा सौम्यजित घोष राष्ट्रीय विजेता झाला तेव्हा म्हणाले, संपला. २०१५ साली शरतच्या मांडीचा स्नायू दुखावला तेव्हा म्हणाले, आता नक्की संपला. यातला एक आवाज माझाही होता. मी तर त्याच्या फोटोचं पोस्टर काढून तिथे क्रिकेटवाल्याचं लावलं होतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुष संघाला कांस्य मिळालं. या खेळात आशियाई स्पर्धेतलं भारताचं पहिलंच पदक, साठ वर्षं वाट पाहिल्यानंतर. मग मनिका बत्राबरोबर मिश्र दुहेरीत आणखी एक. पोस्टर शोधलं तर त्याला वाळवी लागली होती.

करोनाच्या काळात दुकान उघडायचं ते धूळ झटकायला. जुलै २०२१ च्या एका सकाळी, टोकियो ऑलिंपिकच्या तिसऱ्या फेरीत तो गतविजेत्या मा लाँगसमोर उभा राहिला. दुसरा गेम ११-८ असा घेतला, तिसरा ११-१३ पर्यंत ओढला. पुढचे दोन मा लाँगनं सहज काढले, सामना १-४. हरलेला सामना. पण त्या दिवशी दुपारी फोन वाजायला लागले. काका, बॉल आहेत का? घरातल्या जेवणाच्या टेबलावर लावायचं नेट मिळेल का? दीड वर्षात इतके फोन आले नव्हते. मा लाँगकडून एक गेम घेणं म्हणजे काय, हे ज्यांना कळतं त्यांनाच कळतं, आणि रायपुरात ते कळणारी माणसं इतकी आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

खरी गंमत झाली पुढल्या वर्षी. एप्रिल २०२२ मध्ये शिलाँगला त्यानं सत्यनला हरवून दहावं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चाळिसाव्या वर्षी एकेरीचं सुवर्ण. मेलबर्ननंतर सोळा वर्षांनी. शिवाय संघाचं सुवर्ण, श्रीजा अकुलाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणि पुरुष दुहेरीचं रौप्य. मला वाटलं, आता पोरांची रांग लागणार. आले ते पोरांचे बाप. पोट सुटलेले, चष्मे लागलेले, माळ्यावरची बॅट वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले. जुनं रबर लाकडाशी वितळून एकजीव झालेलं असतं. ते अंगठ्यानं चोळत चोळत काढावं लागतं, नख दुखतं, पैसे काही मिळत नाहीत. त्या महिन्यात मी अशा नऊ बॅटा साफ केल्या. त्यातले एक बँकेत अधिकारी. म्हणाले, "तो चाळीसचा, मी एकेचाळीसचा. लावा जाड स्पंज."

मी म्हटलं, "कोचची चिठ्ठी आणा."

ते आधी रागावले, मग इतके हसले की बाहेर उभा असलेला शटलवाला आत डोकावला. जाड स्पंज मी लावून दिला. एकेचाळिसाव्या वर्षी कुणाचा खेळ काय बिघडणार!

हेच गृहस्थ आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळायला लागले. शरतची तेरा राष्ट्रकुल पदकं, त्यातली सात सुवर्णं, साल-गाव-प्रतिस्पर्धी सकट त्यांना पाठ. पॅरिस ऑलिंपिकला शरतनं बॅडमिंटनपटू सिंधूबरोबर तिरंगा धरला तेव्हा यांनी बँकेत पेढे वाटले होते. माझा समज होता की चाहता म्हणजे ज्याला तसं व्हायचं असतं तो. हा माणूस तसा नव्हता. त्याला फक्त घरी बायकोला सांगायला एक नाव हवं होतं, की बघ, तो अजून खेळतोय.

मार्च २०२५ च्या सुरुवातीला शरतनं जाहीर केलं की महिनाअखेरीची चेन्नईची स्पर्धा शेवटची. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा चेन्नईत खेळलो, शेवटचीही तिथेच, असं काहीसं तो म्हणाला होता. बँकवाल्यांनी नागपूर-बल्लारशावरून जाणाऱ्या गाडीची तिकिटं बघितली, मार्चअखेर म्हणजे बँकेत रजा नाही, म्हणून गप्प बसले.

शनिवार, २९ तारीख. मोबाइल शटलच्या डब्याला टेकवून काउंटरवर उभा केला होता. आम्ही सहाजण. बँकवाले, क्लबातली दोन पोरं, ते जुने कोच, आता बरेच थकलेले, मी, आणि तो डावखुरा. तो आता औषध कंपनीत आहे, गाडीवर बॅग बांधून धमतरी-महासमुंद फिरतो. महिन्यातून एकदा चहाला येतो. त्या बॅटचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

समोर स्नेहित सुरावज्जुला होता, हैदराबादचा, वाइल्ड कार्डवर आलेला. तीन सरळ गेम. प्रत्येक गेम जवळचा, पण तिन्ही त्याचेच. शरतचा फोरहँड दोन-तीनदा जुन्यासारखा सुटला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोच मात्र त्याच्या पायांकडे बघत होते. "उशिरा पोचतोय," एवढंच पुटपुटले. सामना संपला. तिकडे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. क्लबातलं एक पोरगं म्हणालं, त्या स्नेहितनं एक तरी गेम सोडायला हवा होता. कोचनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं जीभ चावली.

मला वाईट वाटलं का? वाटलं, पण रडू वगैरे आलं नाही. मला आठवत होती ती कपाटातली जुनी खोकी. बँकवाले बराच वेळ बोलले नाहीत. मग बॅट पिशवीत घालताना म्हणाले, "आता घरी कुणाचं नाव सांगू?" यावर काय बोलावं ते कुणालाच सुचलं नाही, म्हणून मी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी पाडवा. तात्यापाऱ्यात सकाळी गुढी उभारली, कडुलिंबाची गोळी तोंडात टाकली आणि सणाच्या दिवशी नको नको म्हणताना तासभर दुकान उघडलं. तो डावखुरा दाराशीच उभा होता, हाताला सात वर्षांची मुलगी. म्हणाला, "कका, हिला सुरुवात करून द्यायची आहे."

मी काही न विचारता साधी लाकडी प्लाय काढली, दीड मिलिमीटरचा स्पंज काढला. तो बघत होता. म्हणाला, "आता शहाणे झालात." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी मान खाली घालून कात्री शोधत राहिलो. तो मुलीला समजावू लागला, की काल आम्ही ज्यांची मॅच बघितली ना, ते शरत कमल, तेही तुझ्याहून लहान असताना शिकले. मुलीचं लक्ष नव्हतं. तिला काचेच्या कपाटात गुलाबी रबर दिसलं होतं.

२०२१ पासून लाल रबराऐवजी गुलाबी, जांभळं, हिरवं, निळं चालतं. हे फॅड आलं तेव्हा मी पुष्कळ नाकं मुरडली होती आणि एकच गुलाबी मागवून ठेवलं होतं, ते तसंच पडून होतं.

"ते," ती म्हणाली.

"एका बाजूला काळं लागतं, नियम आहे," मी म्हटलं. ते तिला चाललं. गुलाबीच्या पाठीवर गोंद पसरला, प्लायवर पसरला आणि दोन्ही पंख्याखाली ठेवली. ती काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून बघत बसली.

"झालं?"

"नाही. अजून पांढरं आहे, बघ."